गेमचा कॉम्प्युटर घ्यायचाय? आधी भाग समजून घेऊ



आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे काय आपलं काम? पण हल्ली गटाच्या बैठकीत कर्जाचं कारण विचारलं की शेळी, शिलाई मशीन आणि कॉलेजची फी यांच्या जोडीला एक नवं कारण ऐकू येतं. पोराला कॉम्प्युटर हवाय, आणि साधा नाही, गेम चालणारा. कधी मुलगीही मागते. कर्ज आपल्या नावावर असतं, हप्ता आपण भरतो. दुकानात मात्र दुकानदार मुलाशी बोलतो आणि आपण बाकड्यावर बसून राहतो. म्हणून आज आम्ही या कॉम्प्युटरचा एकेक भाग सांगणार आहोत. सगळं पाठ करायची गरज नाही. आपला पैसा कशावर जातोय, एवढं कळलं तरी पुष्कळ.

कॉम्प्युटर घ्यावा की नाही, ते तुमचं तुम्ही घरात ठरवा. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ मात्र वेगळे. त्यांच्यावर केंद्र सरकारने २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली आहे. आपण बोलतोय ते क्रिकेट, गाड्यांची शर्यत, माइनक्राफ्ट, व्हॅलोरंट अशा खेळांबद्दल. ज्या मशीनवर हे खेळ चालतात, त्यावर गटाचा हिशेब, मसाल्याच्या पाकिटाचं लेबल आणि व्हिडिओ जोडण्याचं कामही सहज होतं.

असा कॉम्प्युटर सुटे भाग घेऊन जोडता येतो. आपलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणा. प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारी बाई. रॅम म्हणजे ओटा. ओटा जेवढा मोठा, तेवढं सामान हाताशी मांडता येतं. पण वीज गेली की ओटा रिकामा. एसएसडी म्हणजे कोठी, तिथे ठेवलेलं टिकून राहतं. मदरबोर्ड म्हणजे ज्यावर हे सगळे भाग बसतात ती पाटी. एसएमपीएस म्हणजे विजेचा डबा. भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेऊन तो आतल्या भागांना लागेल तशी, १२ व्होल्ट आणि त्याहून कमी, करून देतो. बाहेरचा खोका म्हणजे कॅबिनेट.

राहिलं ग्राफिक्स कार्ड. गेममधला माणूस पळताना नीट दिसायला हवा असेल, तर कॉम्प्युटरला सेकंदाला साधारण ६० चित्रं काढावी लागतात. ती काढण्याचं काम या कार्डाचं. गेमच्या कॉम्प्युटरमध्ये बहुतेक वेळा सगळ्यात महाग भाग हाच. मॉनिटर सोडून १०० रुपये खर्च होणार असतील, तर त्यातले ३५ ते ४० रुपये एकट्या कार्डावर जातात.

म्हणूनच आमचं सांगणं असं की पहिल्याच दिवशी कार्ड घेऊ नका. गटात आपण जसं आधी लहान कर्ज घेतो, ते फेडतो आणि मग मोठं घेतो, तसंच इथेही दोन टप्प्यांत करता येतं. काही प्रोसेसरच्या आतच चित्र काढायची सोय असते. एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००जी हा त्यातला एक. तो २०२१ मध्ये आला. माइनक्राफ्ट आणि व्हॅलोरंटसारखे हलके खेळ तो कार्डाशिवाय चालवतो. मोठे, जड खेळ मात्र चित्राचा दर्जा कमी करूनच चालतील. ते पोराला आधीच सांगून ठेवा. वर्षभरात हप्ते फिटले आणि गरज खरी आहे असं दिसलं, की कार्ड घ्या.

नावाच्या शेवटच्या अक्षराकडे नीट बघा. रायझनमध्ये ‘५६००जी’च्या ऐवजी नुसतं ‘५६००’ असेल, किंवा इंटेलच्या आय३-१२१००एफसारखा शेवटी ‘एफ’ असेल, तर आत चित्राची सोय नसते. असा प्रोसेसर थोडा स्वस्त पडतो, पण कार्ड बसवल्याशिवाय पडद्यावर काहीच येणार नाही. कार्ड लगेच घेणार असाल, तरच तो घ्या.

प्रोसेसर ठरला की मदरबोर्ड त्याच्या जोडीचाच लागतो. चुलीला बसेल तेच भांडं घ्यावं, तसं. रायझन ५६००जीला एएम४ खाचेचा बोर्ड आणि डीडीआर४ रॅम लागते. डीडीआर५ रॅम त्यात बसतच नाही. बी५५० नावाचा बोर्ड या कामाला चांगला. त्याहून स्वस्त ए५२० घेतला तरी चालतं.

रॅम १६ जीबी घ्या, पण एकच पट्टी नको, ८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्या. कार्ड नसताना चित्रांचं कामही याच रॅममधून होतं. दोन पट्ट्या असल्या की माल दोन वाटांनी जातो आणि खेळ अडखळत नाही. कांद्याचे असतात तसे रॅमचे भावही वरखाली होतात. २०२५ च्या शेवटी ते फार चढले होते. म्हणून जुन्या भावावर हिशेब करू नका, त्या आठवड्याचा भाव विचारा. एसएसडी ‘एनव्हीएमई’ प्रकारची, ५०० जीबीची पुरते.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. बजेट अपुरं पडलं की बरेच जण विजेच्या डब्यात पैसे वाचवतात, कारण त्याने गेम वेगाने चालत नाही आणि तो दिसतही नाही. काही स्वस्त कॅबिनेटमध्ये एसएमपीएस फुकट बसवलेला असतो. तो घेऊ नका. शेतातली मोटर जळाली तर वाइंडिंग करून आणता येतं. इथे हलका डबा बिघडला, तर जाताना मदरबोर्ड आणि कार्डही घेऊन जाऊ शकतो. नावाजलेल्या कंपनीचा, ‘८० प्लस’ शिक्का असलेला, ५०० ते ५५० वॅटचा एसएमपीएस पहिल्या दिवशीच घ्या. पहिल्या टप्प्यात एवढी ताकद लागणार नाही, पण पुढे कार्ड बसवताना तो बदलावा लागणार नाही. आरएक्स ६६०० हे ८ जीबीचं कार्ड साधारण १३२ वॅट वीज घेतं. तेही त्यावर आरामात चालेल.

पैसे वाचवायचे तर रंगीत दिव्यांच्या पंख्यांत वाचवा, काचेच्या कॅबिनेटमध्ये वाचवा. हवा खेळती राहील असा साधा खोका पुरे. ५६००जीच्या पेटीत थंड ठेवायचा पंखा मिळतो, तोही वेगळा घ्यायला नको.

तालुक्याच्या गावात एक पाटी हमखास दिसते: ‘आय७ गेमिंग पीसी, स्वस्तात’. आय७ म्हणजे भारी, हे आपण कुठेतरी ऐकलेलं असतं. तेव्हा एकच प्रश्न विचारा: कितवी पिढी? तिसऱ्या पिढीचा आय७ हा २०१२ सालचा. २०२२ मध्ये आलेला बाराव्या पिढीचा साधा आय३ सुद्धा त्याच्यापेक्षा बराच वेगवान आहे. शिवाय विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही. फक्त हिशेबासाठी जुनं मशीन घेणं वेगळं. गेमसाठी म्हणून घ्याल तर पैसे अडकतील.

जुनं कार्ड घेतलं तर बरेच पैसे वाचतात. पण ते दुकानातच अर्धा तास जड गेम चालवून बघा. पडदा काळा होतोय का, पंखा खडखडतोय का, बघा. मूळ बिल मागा आणि बिलावरचा नंबर कार्डावरच्या नंबराशी जुळवा.

आता घरचं बघू. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर घराचं अर्थिंग नीट नाही असं समजा. वायरमन बोलावून आधी ते करून घ्या. तीन पिनांची जाडी पिन तोडून प्लग लावू नका. यूपीएस जरूर घ्या. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटपर्यंत भार घेतो. लाइट गेल्यावर काम साठवून मशीन नीट बंद करायला तेवढी मिनिटं पुरतात. विजेच्या बिलाचा हिशेबही मांडू. कार्ड बसवल्यावर मॉनिटर धरून ३०० वॅट लागतात असं समजा. रोज ३ तास खेळलं तर महिन्याला २७ युनिट होतात. हा आकडा पोरापुढे ठेवा, म्हणजे खेळायचे तासही ठरतील.

बिल पक्कं, जीएसटीचं घ्या. त्यावर प्रत्येक भागाचं नाव, मॉडेल आणि नंबर वेगळा लिहून घ्या. ‘एक कॉम्प्युटर संच’ एवढंच लिहिलेलं चालणार नाही, कारण प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते. सगळे खोके वर्षभर तरी सांभाळून ठेवा. दुकानदाराने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५.

आता पेन घ्या आणि दुकानात विचारायचे प्रश्न वहीत उतरवा.

१. या प्रोसेसरवर कार्डाशिवाय पडद्यावर चित्र येईल का? तो कितव्या पिढीचा, कोणत्या सालचा?
२. मदरबोर्ड याच प्रोसेसरच्या जोडीचा आहे का? बायोस अपडेट करून देणार का?
३. रॅमच्या पट्ट्या दोन आहेत का?
४. एसएमपीएस कोणत्या कंपनीचा, किती वॅटचा? ८० प्लसचा शिक्का दाखवा.
५. पुढे कार्ड घेतलं तर आज घेतलेला कोणता भाग बदलावा लागेल?

पाचवा प्रश्न विसरू नका. ‘काहीच बदलावं लागणार नाही’ असं उत्तर आलं, तर ते बिलाच्या मागे लिहून मागा. लिहून द्यायला दुकानदार कचरला, तर दुसऱ्या दुकानातही भाव आणि उत्तर विचारून या. दोन ठिकाणची यादी शेजारी ठेवली की फरक आपल्यालाच दिसतो. आणि मशीन जोडताना मुलाबरोबर मुलीलाही बसवा. स्क्रू कुठला, वायर कुठली, हे एकदा बघितलं की पुढची छोटी दुरुस्ती घरीच होते.