पंचवीस हजार खंडी आणि सहा लाख तीस हजार पौंड

पन्हाळ्याच्या अंबरखान्यात गंगा कोठीत पाऊल टाकलं की आधी गारवा जाणवतो, मग उंची. जमीन सुमारे ९५० चौरस मीटर, छत साडेदहा मीटरांवर. या एका कोठीत २५,००० खंडी धान्य मावत असे, असं सांगतात. खंडी म्हणजे वीस मण, म्हणजे झाले पाच लाख मण. मणाला चाळीस शेर आणि माणशी रोज एक शेर धरला, तर दहा हजार माणसं साडेपाच वर्षं जेवतील. यमुना आणि सरस्वती या कोठ्या वेगळ्याच.

गडाभोवती सात किलोमीटरांचा तट. १६६०मध्ये आदिलशाही सरदार सिद्दी जौहरने त्याला वेढा दिला. त्याची फौज चाळीस हजारांच्या घरात होती, असं म्हणतात. शिवाजी महाराज चार महिन्यांहून अधिक काळ आत होते आणि आषाढातल्या पावसात सुमारे सहाशे मावळ्यांसह निसटले. गड आदिलशाहीकडे गेला, आणि पुढे तेरा वर्षांनी कोंडाजी फर्जंदने अवघ्या साठ माणसांनिशी तो परत घेतला.

वेढ्यातली एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन सिद्दीच्या मदतीला तोफा घेऊन इथवर आला आणि आपलं निशाण फडकावत त्याने गडावर गोळे टाकले. त्याची ईस्ट इंडिया कंपनी तेव्हा जेमतेम साठ वर्षांची होती. १६००च्या सनदेत भागीदार म्हणून २१८ नावं होती. वेढ्याच्या पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूर लुटलं आणि वखारवाल्यांना सुमारे दोन वर्षं कैदेत ठेवलं.

वेढ्यानंतर १८४ वर्षं गेली. आता तीच कंपनी कोल्हापूर संस्थानावर हुकूम चालवत होती. इंग्रजांनी नेमलेल्या दाजी कृष्ण पंडितांनी कारभाराची घडी बदलली आणि गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदारांच्या ताब्यात जाऊ लागल्या. गडकरी म्हणजे गडाची राखण करणारी आणि त्याबदल्यात पिढ्यानपिढ्या जमीन कसणारी माणसं. त्यांची जमीन गेली की गडही गेला आणि घरातली भाकरीही गेली. १८४४च्या पावसाळ्यात संस्थानातल्या सामानगडाने दरवाजे लावून घेतले. पाठोपाठ भुदरगड उठला, मग पन्हाळा आणि पावनगड. बंडवाल्यांनी साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हन्स यालाच पकडून पन्हाळ्यावर कोंडलं.

दुसऱ्या, म्हणजे कंपनीच्या बाजूचे आकडे पाहिले की गळ्यात आवंढा येतो. केप ऑफ गुड होपला वळसा घालून लंडनहून मुंबई सुमारे वीस हजार किलोमीटर. इतक्या दूरच्या लंडनमधल्या पार्लमेंटने १८३३च्या कायद्यात ठरवून दिलं होतं, की कंपनीच्या साठ लाख पौंडांच्या भांडवलावर भागधारकांना दरसाल साडेदहा टक्के लाभांश मिळेल आणि तो हिंदुस्थानच्या महसुलातून दिला जाईल. म्हणजे वर्षाला ६,३०,००० पौंड, दिवसाला सुमारे १,७२६. तेव्हाच्या दराने रोजचे सतरा हजार रुपये. चाळीस वर्षांची ही हमी होती, एकूण अडीच कोटी पौंडांची. देश जिंकल्याचा मोबदला त्या देशाकडूनच वसूल होत होता. सामानगडचे दरवाजे लागल्यापासून पन्हाळा पडेपर्यंतच्या चार महिन्यांत दोन लाख पौंडांवर रक्कम भागधारकांच्या नावे जमा झाली असेल. गडकरी मात्र लढत होते आपल्या वाट्याच्या जमिनीच्या तुकड्यासाठी.

ऑक्टोबरात सामानगड पडला. १ डिसेंबर १८४४ रोजी जनरल डेलामोटच्या फौजेने तोफांनी पन्हाळ्याच्या तटाला भगदाड पाडलं आणि गड घेतला. जो गड सिद्दीच्या हजारोंना महिनोन्‌महिने दाद देत नव्हता, तो असा पडला. नंतर इंग्रजांनी तटबंदी मोडली आणि पूर्वेचा चार दरवाजा पाडून टाकला. गंगा कोठी मात्र त्यांनी ठेवली. ती आजही उभी आहे आणि आत धान्याचा दाणा नाही.