एका हट्टी द्राक्षाची हकीकत



द्राक्षाचा विषय निघाला कीं आपल्या डोळ्यांपुढें नाशिकच्या बागा उभ्या राहतात. आज मी ज्या द्राक्षाविषयीं बोलणार आहें त्याला मात्र नाशिकच्या उन्हापेक्षां अगदीं निराळी हवा लागते. त्याचें नांव पिनो न्वार. फ्रेंच भाषेंत न्वार म्हणजे काळें. पिनो हा शब्द चीड वृक्षाच्या शंकूसारख्या फळावरून आला असें मानतात. घड लहान, मणी एकमेकांना खेटून बसलेले. पाहिल्यावर नांव पटतें. या द्राक्षापासून तांबडी वाइन करतात. मद्याविषयीं आपल्या घरांतून मतभेद असणार, आणि ते असावेतच. परंतु ज्याला वाइनचा घोटहि नको त्यानें सुद्धां ही हकीकत शेतीची म्हणून ऐकण्याजोगी आहे.

फ्रान्समध्यें बर्गंडी प्रांतांत, दिजों शहरापासून दक्षिणेकडे, सुमारें पन्नास किलोमीटर लांबीची टेकडीची एक उतरण आहे. तिला कोत द'ओर म्हणतात. तिचें तोंड पूर्वेकडे असल्यामुळें सकाळचें ऊन तिला प्रथम मिळतें, माती चुनखडीची. अक्षांश ४७ उत्तर, म्हणजे हिवाळा कडक. द्राक्ष येथें पिकतें तें जेमतेम, आणि सारें मर्म त्या जेमतेमपणांतच आहे. उष्ण हवेंत फळांत साखर भराभर चढते, आंबटपणा उतरतो, आणि सुवास तयार होण्यापूर्वींच फळ पिकून बसतें. मग वाइनला मुरंब्याची कळा येते. थंड हवेंत हें सारें सावकाश होतें. पिनोची साल पातळ असल्यामुळें तिच्या वाइनचा रंगहि फिका असतो, कारण रस पांढुरकाच असून रंग येतो तो सालींतून. नवख्याला वाटतें, यांत पाणी घातलें कीं काय!

आपल्याकडे हिवाळ्यांत वेल झोपत नाहीं. म्हणून बागायतदार एप्रिलांत खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी अशा दोन छाटण्या करून तिला वळण लावतो. बर्गंडींत वेल खरोखरीच झोपते, आणि छाटणी एकदांच, ऐन थंडींत होते. एका हेक्टरांत दहा हजारांपर्यंत वेली असतात. आपल्यासारखा उंच मांडव तेथें नाहीं. कमरेइतकीं बुटकीं खोडें, ओळींत सुमारें एकेक मीटरवर. प्रत्येक वेलीपुढें वांकून माणूस ठरवितो कीं यंदाची काडी कोणती ठेवावयाची आणि पुढील वर्षासाठीं आंखूड खुंटी कोठें राखावयाची. मग ती काडी तारेला बांधावयाची, नको ते फुटवे खुडावयाचे, घडापाशीं वारा खेळावा म्हणून पानें काढावयाचीं. दाटलेल्या घडांत पावसाचें पाणी अडकलें कीं कुज लागलीच म्हणून समजा. उत्तम बागांतून तोडणीहि हातानेंच होते.

या उतरणीला पिनोची ओळख फार जुनी आहे. १३९५ मध्यें ड्यूक फिलिप यानें गामे नांवाची भरघोस पिकणारी जात उपटून टाकण्याचा हुकूम काढला. १०९८ मध्यें स्थापन झालेल्या सीतोच्या मठांतील साधूंनीं क्लो द वूझो ही बाग वसविली व तिला दगडी भिंत घातली. फ्रेंच राज्यक्रांतींत मठांच्या जमिनी विकल्या गेल्या आणि पुढें वारसांत समान वांटणीचा कायदा आला. आज पन्नास हेक्टरांच्या त्या एका भिंतीआंत ऐंशींच्या आसपास मालक आहेत. भाऊबंदकी कांहीं कोंकणाचीच मिरास नव्हे!

एकोणिसाव्या शतकांत फिलॉक्सेरा नांवाच्या मुळें खाणाऱ्या किडीनें युरोपांतील बागा उजाड केल्या. अमेरिकन खुंटावर कलम करणें हाच उपाय ठरला. रोमाने-कोंती या १.८ हेक्टरांच्या विख्यात बागेनें मात्र आपल्या जुन्या, स्वतःच्या मुळांवरच्या वेली औषधें घालघालून जगविल्या. १९४५ सालीं त्यांनीं कशाबशा सहाशें बाटल्या दिल्या. मग त्या उपटाव्या लागल्या. कलमी वेलींची पहिली वाइन १९५२ च्या पिकाची.

किडीला कलम सांपडलें. उन्हाला कोणतें सांपडणार? बोन या गांवीं द्राक्षतोडणीच्या तारखा १३५४ पासून मिळतात. २०१८ पर्यंतच्या त्या तारखांचा अभ्यास २०१९ मध्यें प्रसिद्ध झाला. १९८७ पर्यंत तोडणीचा सरासरी दिवस २८ सप्टेंबर होता. १९८८ पासून ती सुमारें तेरा दिवस आधीं होऊं लागली. वेल आतां लवकर जागी होते आणि कोवळा कोंब एप्रिलच्या हिमांत सांपडतो. एप्रिल २०२१ मध्यें बागायतदारांनीं रात्रभर ओळींतून मोठमोठ्या मेणबत्त्या पेटवून ठेवल्या, तरी पुष्कळ पीक गेलें.

आपला शेतकरी अशा वेळीं जात बदलील किंवा दुसरी जमीन पाहील. तेथें वाइनला नांव जमिनीचें असतें, आणि त्या नांवाखालीं तांबडी वाइन करावयाची तर द्राक्ष पिनोच हवें असा निर्बंध आहे. घराण्याचें नांव त्या तुकड्याला बांधलेलें. म्हणून कोणी छाटणी उशिरां करून कोंब लांबवितात, कोणी पानें कमी काढून घडांवर सावली ठेवतात. उतरणीच्या मागें उंचावर ओत-कोत म्हणून भाग आहे. तेथील फळ पूर्वीं थंडीमुळें कित्येक वर्षीं पुरतें पिकतच नसे, आणि प्रतिष्ठित बागवाले तिकडे फारसे वळत नसत. आतां तेथें पिनो चांगलें पिकूं लागलें आहे, आणि खालच्या नामांकित बागांचे मालक वरच्या जमिनींची चौकशी करीत आहेत.