पुण्याच्या पूर्वेला, पाण्याच्या टोकाला

पुण्यात घर शोधणाऱ्या माणसाचं नकाशावरचं बोट एका ठरलेल्या दिशेने सरकत जातं. हडपसर झेपत नाही म्हणून मांजरी, मांजरी झेपत नाही म्हणून उरुळी कांचन, मग यवत, मग पाटस. सोलापूर रस्त्याने बोट पूर्वेला जाईल तशा जागेच्या किमती उतरतात. त्याच रेषेवर आणखी एक आकडा उतरत जातो, तो मात्र कुठल्याही जाहिरातीत छापलेला नसतो. तो पावसाचा. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पुण्यात सातशेच्या आसपास, आणि बारामती-इंदापूरला जेमतेम पाचशे. दीडशे किलोमीटरच्या आत आभाळ इतकं हात आखडतं.

तरीही याच कोरड्या पट्ट्यात हे दोन कसबे शतकानुशतकं टिकले. पुण्याहून बारामती साधारण शंभर किलोमीटर, इंदापूर एकशे चाळीसच्या घरात. ही काही पुण्याची उपनगरं नव्हेत. पण नोकरीतून निवृत्त झालेले, घरून काम करणारे, हप्त्यांनी दमलेले लोक आता इथे बिऱ्हाड हलवण्याचा विचार करतात, आणि त्या अर्थाने पुण्याची लांबलेली सावली इथवर आली आहे. हा विचार तोलताना एक गोष्ट मला थक्क करते. शहर कोणतं आणि बाहेरगाव कोणतं, हे या मुलखात कधीच कायमचं ठरलेलं नव्हतं.

चारशे वर्षं मागे गेलं तर पुणे, सुपे, इंदापूर, चाकण ही नावं एकाच दमात येतात. भोसल्यांच्या जहागिरीतले हे परगणे. सुपं आज बारामती तालुक्यात आहे. इंदापूरच्या लढाईत शिवरायांचे आजोबा मालोजीराजे पडले आणि त्यांची गढी आजही त्या गावात दाखवतात. त्यानंतर काही वर्षांनी आदिलशाही फौजेने पुणं जाळून उद्ध्वस्त केलं. तिथे गाढवाचा नांगर फिरवला, असं परंपरा सांगते. म्हणजे १६३० च्या दशकात कुणी ‘राहायला कुठे जावं’ असं विचारलं असतं, तर पुण्याचं नाव शहाण्या माणसाने शेवटी घेतलं असतं.

पुढचं शतक तर याहून नवलाचं. बारामतीचे बाबूजी नाईक हे मोठे सावकार. त्यांचे बंधू आबाजी नाईक पेशवे बाळाजी विश्वनाथांचे जावई होते आणि खुद्द बाजीराव या घराण्याच्या कर्जात होते. १७४० मध्ये बाजीराव गेले तेव्हा नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या पाठिंब्यावर पेशवेपदासाठी बाबूजी नाईकांचं नाव पुढे आलं. शाहू महाराजांनी वस्त्रं बाळाजी बाजीरावांना दिली, ही गोष्ट वेगळी. शनिवारवाड्याला तेव्हा दहाही वर्षं झाली नव्हती. ज्या बारामतीचा आज पुण्याच्या भावाशी तुलना करून ‘परवडतं’ म्हणून विचार होतो, त्या बारामतीच्या पेढीचं देणं पुण्याच्या डोक्यावर होतं.

आणि पैसा असतो तिथे माणसं बिऱ्हाड घेऊन येतात. पन्हाळगडावर १७२९ मध्ये जन्मलेला एक ब्राह्मण तरुण तेविशीच्या आसपास असाच इथे आला. वडील नाईकांच्या पदरी नोकरीला होते, मुलगा त्यांच्यामागे आला. राजापूरजवळच्या सौंदळचं हे पराडकर घराणं, आधी कोकणातून पन्हाळ्याला आणि मग बारामतीला, कऱ्हा नदीच्या काठी. तोच तरुण पुढे मोरोपंत म्हणून ओळखला जाऊ लागला. १७९४ मध्ये देह ठेवेपर्यंत बारामती हेच त्यांचं घर राहिलं. ‘आर्याभारत’, ‘केकावली’ इथली. एकशे आठ रामायणं त्यांच्या नावावर सांगतात आणि त्यातलं ‘निरोष्ठ रामायण’ तर आजही वाचकाला चक्रावून टाकतं. ओठाला ओठ लागेल असं एकही अक्षर त्यात नाही. म्हणजे ‘म’ नाही, म्हणजे राम हे नावच उच्चारायचं नाही, आणि तरी रामायण सांगायचं! असलं काम करायला डोक्याला निवांतपणा लागतो, पोटाची काळजी मिटलेली लागते आणि ऐकणारी चार जाणती माणसं लागतात. बारामतीने त्यांना हे तिन्ही दिलं. लहान गावात राहायला जाणाऱ्याने स्वतःसाठी मागावं असं याहून वेगळं काय आहे, मला सांगता येणार नाही. नाईकांचा तो भक्कम वाडा कऱ्हेकाठी अजून उभा आहे. गेलात तर आधी तो पाहा.

पेशवाई बुडाली, पेढ्या मिटल्या आणि कसबे पुन्हा पावसाच्या हाती गेले. १८७६-७७ च्या दुष्काळाने हा सगळा भाग होरपळून काढला. त्यातून नीरा डावा कालवा जन्माला आला. भोर खोऱ्यातल्या वेळवंडी नदीवर भाटघरला धरण, खाली वीर इथे बंधारा आणि तिथून निघालेला, दीडशे किलोमीटरहून लांब असा हा पाट पुरंदर, बारामती ओलांडून इंदापूरच्या शेतांपर्यंत जातो. १८८५ च्या सुमारास त्यातून पाणी वाहू लागलं. तेव्हा ना वीज, ना पंप. पाणी फक्त उताराने चालवायचं. अशा कालव्याचा उतार किलोमीटरला वीतभर असला तरी पुष्कळ. त्याहून जास्त दिला तर काठ वाहून जातो, कमी दिला तर गाळ बसतो. टेकाडांना वळसे घेत, एकच पातळी जवळजवळ धरून ठेवत, घाटमाथ्यावर पडलेला पाऊस पर्जन्यछायेच्या पोटात नेऊन पोचवणं हे हातातल्या साध्या उपकरणांनी केलेलं काम आहे. बारामती शहराच्या मधून हा कालवा वाहतो. रोज पुलावरून जाणाऱ्याला त्याचं अप्रूप उरत नाही, पण नव्याने येणाऱ्याने पाच मिनिटं थांबावं असं ते पाणी आहे.

या कालव्याने गावाचे दोन भाग केले. कालव्याच्या खालचं, नदीकडचं रान बागायत, वरचं जिरायत. बारामती तालुक्यात आजही कुणी ‘आमचा जिरायती भाग’ म्हणालं की त्याचं अर्धं आयुष्य कळतं. पाणी आलं तसे सासवडचे माळी शेतकरी खंडाने जमिनी घेऊन नीरेच्या पट्ट्यात उतरले आणि ऊस लावू लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभियंते विश्वेश्वरय्यांनी याच नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली: पाण्याचं रान गटागटाने आखायचं, उसासारखी तहानलेली पिकं त्याच्या एका हिश्शात आणि तीही फिरती ठेवायची, म्हणजे पाणी जास्त गावांना पुरेल. तोवर एक वेगळंच संकट वर आलं होतं. पाणी जास्त झालं की काळ्या जमिनीतले क्षार वर चढतात. हॅरॉल्ड मान आणि तम्हाणे या कृषी खात्यातल्या शास्त्रज्ञांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातल्या खारवलेल्या जमिनींवर अहवालच लिहिला. शेतकरी अशा रानाला चोपण म्हणतात. घर घेणाऱ्याला या शेतीच्या गोष्टीशी काय करायचंय, असं वाटेल. बरंच काही. बागायती पट्ट्यात, पाण्याचा निचरा नसलेल्या जागी बांधलेल्या घराच्या भिंतींना कमरेएवढ्या उंचीपर्यंत लोणा चढतो, गिलावा सुटतो आणि रंग दरवर्षी काढावा लागतो. स्वस्त प्लॉट स्वस्त का आहे, याचं उत्तर कधीकधी मातीतच असतं.

रेल्वेने १९१४ मध्ये दौंडहून बारामतीला अरुंद रूळ आणले. आता ते रुंद झाले असले तरी गाड्या मोजक्याच, आणि ये-जा खरी चालते ती एसटीवर. इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर १९३० च्या दशकात वालचंद हिराचंदांनी उसाचं शेत, साखर कारखाना आणि अख्खं गाव वसवलं. त्या वालचंदनगरच्या कारखान्यात पुढे इस्रोच्या अग्निबाणांची आवरणं तयार झाली. उसाच्या फडातून अवकाशात जाणारी अशी वाट दुसरीकडे सहसा दिसणार नाही.

मग १९८० मध्ये उजनी आली. भीमेवरचं हे धरण सोलापूर जिल्ह्यात, पण त्याचा फुगवटा इंदापूरच्या अंगणात. पळसदेवसारखी जुनी गावं पाण्याखाली गेली आणि माणसं उठून वर वसली. पळसनाथाचं देऊळ पाणी ओसरलेल्या वर्षी पुन्हा बाहेर येतं. भिगवण, कुंभारगावच्या काठावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, हिमालय ओलांडून पट्टकदंब येतात.

इथे मला सगळ्यात मोठं आश्चर्य दिसतं. खडकवासल्याहून निघणारा मुठा उजवा कालवा हवेली, दौंड करत इंदापूर तालुक्यापर्यंत येतो. म्हणजे पुण्याचा नळ आणि इंदापूरचं शिवार एकाच धरणावर पितात, आणि कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत दरवर्षी त्यावरून ओढाताण होते. दुसरीकडे पुण्याने वापरून सोडलेलं पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं. एका वाटेने पुण्याच्या वाट्यातलं स्वच्छ पाणी मागायचं आणि दुसऱ्या वाटेने त्याच पुण्याचं सांडपाणी झेलायचं, असं इंदापूरचं नातं आहे. हे मला अन्यायाचं वाटतं. पुण्यात राहून आपण काय खाली सोडतो याचा विचार करायचा नसेल, तर इंदापूरला राहायला आल्यावर तो करावाच लागेल.

तर मग जावं का? रोज पुण्यात हजेरी लावायची असेल तर नको, सरळ नको. स्वारगेटची विनाथांबा बस कितीही वेळेवर असली तरी रोजचे ते चार-पाच तास माणसाला पोखरतात. काम सोबत नेता येत असेल, किंवा तिथेच मिळत असेल, तर बारामती मुलाबाळांच्या कुटुंबाला झेपेल असं शहर आहे: १९६२ चं तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय, १९७२ पासूनचं विद्या प्रतिष्ठान, २०१९ चं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, औद्योगिक वसाहत. पण याच सोयींमुळे तिथले भाव आता कसब्याचे राहिलेले नाहीत. इंदापूर अजून खरोखर कसबा आहे. राष्ट्रीय महामार्गावर असूनही बाजारपेठ आपल्या चालीने चालते. दवाखान्यासाठी मात्र मोठ्या गावाकडे पळावं लागेल, हे धरूनच निघावं. उतारवयातल्या माणसांना मी बारामती सांगेन. ज्याला जागा, पाणथळ आणि शांतता हवी आणि तब्येत धडधाकट आहे, त्याला इंदापूर.

आषाढात दोन्ही गावांचं रूप पालटतं. तुकोबांची पालखी याच वाटेने जाते: उंडवडी, बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर. काटेवाडीत परीट समाज पालखीखाली धोतरांच्या पायघड्या घालतो आणि मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीला आणि इंदापूरला गोल रिंगण. नव्याने आलेल्या कुटुंबाला गावात ओळख मिळायला याहून चांगले दिवस नाहीत. वारकऱ्यांच्या दिंडीला एक वेळचं जेवण घातलंत की गल्ली तुम्हाला नावाने हाक मारू लागते.

जागा बघायला मात्र आषाढात जाऊ नका, मे महिन्यात जा. शेजारच्या दारात उभं राहून विचारा: नळाला पाणी किती दिवसांआड येतं, कालव्याचं आवर्तन लांबलं तर काय करता, टँकर बोलवावा लागतो का, बोअरचं पाणी कसं आहे. जुना वाडा घेत असाल तर मालमत्ता पत्रकावरची वारसांची नावं नीट वाचा, कारण मुंबई-पुण्याला गेलेल्या एखाद्या चुलत्याची सही राहिली की व्यवहार वर्षानुवर्षं अडतो. बाहेरचा प्लॉट घेत असाल तर तो एनए, म्हणजे बिगरशेती, आहे की नुसती गुंठेवारी, हे तलाठ्याकडे जाऊन बघा. आणि तो कालव्याच्या वर आहे की खाली, हे स्वतः चालत जाऊन बघा.