विमानाचा वाढलेला रोध कसा मोजतात?

रोह्याच्या खालच्या अंगास कुंडलिकेच्या खाडीत होडीला एखादे ओझे पाण्यात बुडेल असे बांधले, तर पूर्वीचीच गती राखण्यास वल्हवणाऱ्याला अधिक जोर लावावा लागतो. हा अधिक जोर म्हणजेच वाढलेला रोध होय. विमानाच्या बाबतीतही तत्त्व हेच. अडचण आहे ती जोर मोजण्याची.

नाशिकजवळील ओझर येथून २५ जून २०१६ रोजी सुखोई-३० एमकेआय या लढाऊ विमानाने पोटाखाली सुमारे अडीच टनांचे ब्राह्मोस क्षेपणास्त्र घेऊन प्रथम उड्डाण केले. त्यासाठी विमानाच्या सांगाड्यात फेरफार करावे लागले होते. असे ओझे रोध दोन प्रकारे वाढवते. त्याच्या आकारामुळे हवेस अडथळा होतो. आणि त्याच्या वजनामुळे पंखांना अधिक उचल द्यावी लागून त्यापायीही रोध वाढतो. परीक्षकास हे दोन्ही वेगळे करावे लागतात.

विमान एकाच उंचीवर, स्थिर वेगाने व सरळ जात असता इंजिनाचा रेटा व हवेचा रोध समान असतात. रेटा हवेत प्रत्यक्ष तोलता येत नाही. म्हणून जमिनीवर तपासून घेतलेल्या इंजिनाचे फेरे, झोतातील दाब व तापमान यांवरून तो काढतात. उड्डाणात इंधन जळून वजन घटते. तेव्हा विमान थोडे थोडे वर नेऊन वजन व हवेचा दाब यांचे गुणोत्तर कायम राखतात. ओझ्यासह व ओझ्याविना अशी उड्डाणे त्याच वेगांवर करून दोहोंतील फरक घेतात.

या फरकातच खरी मेख आहे. समजा, मूळ रोध १०० व नवा १०५ आहे. प्रत्येक मापनात दोन टक्के चूक झाली, तर पाचाची वाढ कधी एक, तर कधी नऊ भासेल. म्हणून एकाच उड्डाणावर विसंबता येत नाही.

२२ नोव्हेंबर २०१७ रोजी याच प्रकारच्या विमानातून बंगालच्या उपसागरावर हे क्षेपणास्त्र प्रथम डागण्यात आले. जाताना ओझे असते, येताना नसते. पण ते धरणारी चौकट विमानालाच राहते. त्यामुळे जाण्याचा व परतीचा इंधनाचा हिशेब निरनिराळा करावा लागतो. तो चुकल्यास समुद्रावर वैमानिकाची मोठी अडचण होऊ शकते. रोधाच्या मापनाचे महत्त्व ते यासाठीच.