पिन तोडू नका!

कॉलेज फेस्टमध्ये एका गिटारला दोन अ‍ॅम्प जोडायचेत? एक क्लीन, दुसरा डिस्टॉर्शनवाला. साऊंड मस्त भरून येतो. त्यासाठी एबीवाय बॉक्स लागतो. गिटारची केबल त्यात लावायची आणि तिथून दोन केबल दोन अ‍ॅम्पच्या इनपुटला. एका अ‍ॅम्पचं स्पीकर आऊटपुट दुसऱ्याच्या इनपुटला मात्र चुकूनही जोडू नका.

जोडल्यावर घुंऽऽ असा आवाज येतोय? हा ग्राऊंड लूप. दोन्ही अ‍ॅम्प अर्थिंगमधून जोडलेले असतात, आता केबलमधूनही जोडले गेले. ‘प्लगची जाडी पिन काढून टाक, आवाज जाईल,’ असं कुणीतरी सांगेलच. आवाज जाईलही, पण अ‍ॅम्पमध्ये बिघाड झाला तर करंट गिटारच्या तारांमधून थेट तुमच्या हातात! १९७२मध्ये वेल्समधल्या स्वान्सीत ‘स्टोन द क्रोज’ बँडचा गिटारिस्ट लेस हार्वे स्टेजवर माइकचा शॉक लागून गेला. तिथेही घोळ अर्थिंगचाच होता.

त्यापेक्षा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला बॉक्स घ्या आणि दोन्ही अ‍ॅम्प अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डवर लावा. घुंघुं गेली, पण आवाज पातळ वाटतोय? मग फेज उलटा असेल. बॉक्सवरचं फेजचं बटण दाबून बघा. साऊंडचेकला दहा मिनिटं जास्त गेली तरी चालतील, पिन जागेवर हवी.