घोड्याच्या मिशा



जूनमध्ये आपल्यापैकी सात-आठ कुटुंबं मिळून चेशायर काउंटी शो बघायला गेलो होतो. मँचेस्टरहून नट्सफर्डजवळचं टेबली म्हणजे गाडीने तासाच्या आतला रस्ता. डब्यात बटाटेवडे, आणि इथल्या रिवाजाप्रमाणे बरोबर छत्र्या! गाई-मेंढ्या बघून घोड्यांच्या रिंगणापाशी आलो आणि थक्क झालो. आयाळीच्या मोजून घातलेल्या बारीक वेण्या, पुठ्ठ्यावर ब्रशने उमटवलेली बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी, डोळ्यांभोवती आणि नाकपुड्यांवर बेबी ऑइलची चकाकी. आपल्याकडे नवरीला नटवायलाही एवढा वेळ लागत नसेल. तेवढ्यात आमच्यातल्या एका छोटीने विचारलं, "याला मिशा का नाहीत? त्या पलीकडच्या पोनीला आहेत की!"

उत्तर कोणालाच येईना. घरी आल्यावर थोडं वाचलं, घोडे पाळणाऱ्या शेजाऱ्यांना विचारलं. जे कळलं ते आपल्यासमोर ठेवतो आहोत.

त्या मिशा गळल्या नव्हत्या, भादरल्या होत्या. तोंड गुळगुळीत आणि रेखीव दिसावं म्हणून. पण मिशा म्हणजे नुसते केस नव्हेत. प्रत्येकीच्या मुळाशी मज्जातंतूंचं जाळं असतं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे नाकाच्या अगदी खाली काय आहे ते त्याला दिसतच नाही. बादलीचा काठ कुठे, गवतात काटा आहे का, कुंपणाची तार किती जवळ, हे तो मिशांनी चाचपतो. आपण अंधारात दिव्याचं बटण हाताने शोधतो, तसंच. म्हणूनच जर्मनीत आणि स्वित्झर्लंडमध्ये हे भादरणं कायद्याने बंद आहे. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघानेही १ जुलै २०२१ पासून नियम केला की मिशा कापलेला घोडा स्पर्धेतून बाद. अपवाद फक्त पशुवैद्याने त्रास टाळण्यासाठी काढल्या असतील तर. ब्रिटनमध्ये मात्र यासाठी वेगळा कायदा नाही. शोमध्ये ज्या त्या संस्थेचा नियम. डोंगराळ भागातल्या इथल्या देशी पोनी नैसर्गिक रूपात दाखवायची पद्धत आहे, आयाळ मोकळी, वेण्या नाहीत. त्या छोटीला दिसलेली मिशाळ पोनी त्यांतलीच.

याच देशात एकेकाळी याहून वाईट चालत असे. गाडीच्या घोड्याची शेपूट लगामात अडकते म्हणून ती हाडासकट तोडत, आणि पुढे तीच फॅशन झाली. माश्या हाकलायला त्या जनावराकडे दुसरं काय होतं? ॲना स्युएलच्या १८७७ सालच्या 'ब्लॅक ब्यूटी'त असा शेपूट तोडलेला एक म्हातारा घोडा आहे, आणि मान ताठ दिसावी म्हणून आवळलेल्या लगामाचे हालही आहेत. तरी शेपूट तोडायला बंदी घालणारा कायदा यायला १९४९ साल उजाडलं. शेपूट ऐटीत उचललेली राहावी म्हणून आल्याचा जो उपयोग करत, तो जेवणाच्या टेबलावर सांगण्यासारखा नाही.

म्हणजे सगळी सजावट वाईट का? तसं नाही. खरारा घोड्याला आवडतो. हिवाळ्यात कामाच्या घोड्याचे केस कापतात ते घाम लवकर वाळावा म्हणून. वेण्या संध्याकाळी सुटतात. आयाळ विरळ करायला केस उपटतात, तिथे मात्र मतभेद आहेत. काही घोडे शांत उभे राहतात, काही पहिल्याच हिसक्याला मान झटकतात. ज्याचा घोडा मान झटकतो त्याने कात्री वापरावी, असं आम्हाला वाटतं.

आमच्यातल्या एका काकांनी विचारलं, "आपण तान्ह्या मुलांचे कान टोचतो, जावळ काढतो, तेव्हा कुठे विचारतो? मग घोड्याच्या मिशांचं एवढं काय?" प्रश्न रास्त आहे. आमचं म्हणणं इतकंच, की जावळ काढल्याने बाळाला खाऊ शोधायला अडचण येत नाही.

आणि इंग्रजांनाच बोल लावायचं कारण नाही. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे पारखी लोक भोवरे बघतात, देवमण शोधतात, चारही पाय आणि तोंड पांढरं असेल तर पंचकल्याणी म्हणून भाव चढतो. जिथे रंगाला आणि खुणेला पैसा मिळतो, तिथे रंगाचा डबाही येतोच. पंजाबात २०२२ मध्ये एकाने बावीस लाखांहून जास्त मोजून काळा घोडा घेतला, घरी आंघोळ घातली आणि घोडा तपकिरी निघाला! वर्तमानपत्रं वाचून आपण हसलो, पण तो रंग त्या घोड्याच्या कातडीवर लागला होता.

आता आपल्या घरचा विषय. इथेही वरातीला पांढरी घोडी मिळते. इंग्लंडमध्ये स्वारीसाठी घोडे भाड्याने द्यायला कौन्सिलचा परवाना लागतो, तो आधी बघायला मागावा. २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यात तात्पुरती जबाबदारी घेणाराही मोडतो, हे लक्षात असावं. डोळ्यांवर लोंबणाऱ्या झालरी नकोत. बाजूला काहीतरी हलताना दिसलं की घोडी बुजते. अंगावर रंगाने नक्षी काढायचा हट्ट नको. गुलाल तर नाहीच, तो डोळ्यांत आणि नाकात जातो.

येत्या डिसेंबरात आपल्या मंडळातल्या एका घरी लग्न आहे. घोडीवाल्या बाईंना फोन केला तर त्यांनीच आधी विचारलं, ढोल किती आणि गुलाल आहे का? गुलाल नाही, असं सांगितलं. ढोलांचं अजून ठरायचं आहे. नवऱ्या मुलाचे मित्र ऐकायला तयार नाहीत.