शिसे नसलेली शिसपेन्सिल

मराठीत आपण तिला शिसपेन्सिल म्हणतो. डच लोक पॉटलोट म्हणतात, आणि त्यातला ‘लोट’ म्हणजेही शिसेच. दोन्ही भाषा बोलणाऱ्या तुमच्या मुलानातवंडांना विचारून पाहा, पेन्सिलीत शिसे किती? उत्तर : मुळीच नाही. आत असते ते ग्राफाइट, म्हणजे कार्बन. पूर्वी लोक त्याला शिशाचाच प्रकार समजत. शेले या रसायनशास्त्रज्ञाने 1779 मध्ये तो समज खोडून काढला, पण नाव चिकटले ते चिकटलेच. मराठीला ते सोयीचेही होते. पाटीवरची पेन्सिल वेगळी, कागदावरची वेगळी.

उत्तम ग्राफाइट मिळे ते इंग्लंडमधल्या बॉरोडेलच्या खाणीत. इतके शुद्ध, की करवतीने कापून सरळ कांड्या काढाव्यात. 1752 मध्ये तर या खाणीतल्या चोरीसाठी ब्रिटिश संसदेने खास कायदा केला. पुढे 1793 मध्ये फ्रान्स आणि ब्रिटनचे युद्ध जुंपले आणि फ्रान्सला हा माल मिळेनासा झाला. नकाशे काढणारे, अभियंते, चित्रकार, सगळ्यांचीच अडचण. युद्धाची व्यवस्था पाहणाऱ्या कार्नो यांनी हे काम निकोला-जाक कोंते यांच्यावर सोपवले.

हे कोंते म्हणजे मोठे अजब गृहस्थ. जन्म 1755 चा, नॉर्मंडीतल्या साध्या शेतकरी घरातला. आधी चित्रकार, मग यंत्रांचे वेड, मग लष्करासाठी हायड्रोजनचे फुगे. त्या वायूच्या प्रयोगात स्फोट होऊन त्यांचा डावा डोळा गेला.

चांगले दगड मिळत नाहीत ना, मग हलक्या ग्राफाइटची भुकटीच वापरू, असे त्यांनी ठरवले. जर्मनीत भुकटीत गंधक मिसळत, पण ती कांडी ठिसूळ होई. कोंतेंनी मिसळली चिकणमाती. पाण्यात मळून लगदा, लगद्याच्या कांड्या, कांड्या वाळवून भट्टीत भाजायच्या आणि लाकडाच्या खाचेत बसवायच्या. आपल्या कुंभाराला हे सांगावे लागले नसते! पेटंट मिळाले जानेवारी 1795 मध्ये. त्याच महिन्यात फ्रेंच फौजा इथल्या गोठलेल्या नद्या ओलांडून ॲमस्टरडॅममध्ये शिरल्या. (व्हिएन्नाच्या हार्टमुथ यांनीही हीच युक्ती स्वतंत्रपणे शोधली, असे म्हणतात. तो वाद आपण सोडून देऊ.)

माझ्या मते खरी कमाल मातीच्या प्रमाणात आहे. बॉरोडेलचा दगड जसा निघे तसा वापरावा लागे. कोंतेंची कांडी मात्र हवी तशी करता येई : माती जास्त तर रेघ फिकी आणि टोक टणक, ग्राफाइट जास्त तर रेघ मऊ, काळीभोर.

कारखाना उभा राहिला, पण कोंते स्वस्थ बसणारे नव्हते. 1798 मध्ये नेपोलियनबरोबर ते इजिप्तला गेले. कैरोच्या उठावात मोहिमेची उपकरणे नष्ट झाली, तेव्हा त्यांनी तिथेच कार्यशाळा काढून नवी घडवली. 1805 मध्ये, वयाच्या पन्नाशीत ते गेले. व्यवसाय जावई अंब्लो यांनी चालवला.

1948 मध्ये झान्डामला ब्रॉयन्झेलचा पेन्सिल कारखाना निघाला, 1958 मध्ये मुंबईत आपल्या नटराजवाली हिंदुस्तान पेन्सिल्स. कागदावर लिहिण्याच्या काळ्या पेन्सिलीत दोन्हीकडे तीच माती आणि तेच ग्राफाइट. दिवाळीच्या सुट्टीत एकाच कागदावर 2एच आणि 4बी च्या रेघा शेजारी शेजारी ओढा आणि मुलांना विचारा, माती कुणात जास्त?